रात्रीचा दिवस आणि दिवसाची रात्र

मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' ही कादंबरी १९४२ साली प्रसिद्ध झाली. वाक्प्रचार जुना, अहोरात्र राबण्याचा. मर्ढेकरांनी त्याला मनाच्या आत अखंड चालणाऱ्या प्रवाहाकडे वळवले आणि मराठीतील संज्ञाप्रवाही कादंबरीची चर्चा या पुस्तकाच्या उल्लेखावाचून पुढे सरकेनाशी झाली. आज हे दोन शब्द अगदी वाच्यार्थाने खरे करणारे यंत्र आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याला अंधार दिसला की तो रात्रीचा दिवस करून टाकतो. गंमत पुढेच आहे. यंत्राने केलेला हा दिवस मालकाला आवडत नाही. तो एखादे संपादनाचे अॅप उघडून त्या दिवसाची पुन्हा रात्र करतो. पण ही दुसरी रात्र पहिल्या रात्रीसारखी नसते. सावल्या निळसर-हिरव्या, दिवे नारिंगी, दिव्यांभोवती तांबूस वलये, वरखाली दोन काळ्या पट्ट्या. या रूपाला 'सिनेमॅटिक' म्हणतात. या दोन उलथापालथींच्या मध्ये मूळची रात्र कुठे गेली, हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. साहित्याच्या वर्गात आपण ज्याला प्रतिमेचा प्रामाणिकपणा म्हणतो, त्याच्याशी त्याचा थेट संबंध आहे, असे मला वाटते.

उदाहरण जवळचे घेऊ. मुदखेड हे नांदेडपासून फार दूर नसलेले तालुक्याचे गाव आणि रेल्वेचे जंक्शन. एक मार्ग नांदेड-परभणीकडे, एक निजामाबादमार्गे सिकंदराबादकडे, एक भोकर-किनवटवरून आदिलाबादकडे. रात्री या स्थानकात उभे राहिले तर उजेडाचे किती प्रकार एका नजरेत येतात ते पाहावे. फलाटावरचा एलईडीचा पांढराफटक उजेड. चहाच्या टपरीतला पिवळा दिवा. थांबलेल्या गाडीच्या खिडक्यांच्या गजांतून बाहेर पडलेले उजेडाचे आडवे तुकडे. दूरवरचा सिग्नल. काळ्या अक्षरांचा पिवळा फलक. आणि फलाट संपला की अंधार. रुळांपलीकडच्या शेतांचा, सलग. या अंधारात इंजिनाचा झोत शिरतो तेव्हा क्षणभर बाभळीची झाडे उजळतात आणि पुन्हा नाहीशी होतात.

आता याच स्थानकाची हल्ली हातोहाती फिरणारी छायाचित्रे पाहावीत. पावसाने ओला फलाट, पाठमोरी एक आकृती, समुद्राच्या पाण्यासारखी निळी-हिरवी झालेली सगळी काळोखी, दिवे एकजात संत्र्याच्या रंगाचे. टपरीतला दिवा कोणता आणि फलाटावरचा कोणता हे ओळखू येत नाही. छायाचित्र वाईट नसते. पहिल्या दृष्टिक्षेपात ते गुंगवतेही. पण ते मुदखेडचे आहे हे फलक वाचल्याशिवाय कळणार नाही, आणि चित्राची चौकट लांबट करण्याच्या नादात फलक बहुधा कापला गेलेला असतो. हेच रूप सोलच्या गल्लीला लावलेले असते, इस्तंबूलच्या ट्रामला लावलेले असते, तसेच ते इथे लावलेले असते.

इथे एक आक्षेप येणार आणि तो रास्त आहे. मूळ छायाचित्र अशी काही शुद्ध वस्तू असते का? मोबाइलपुरते बोलायचे तर नाहीच. त्याचा संवेदक इतका लहान की रात्री त्याच्या वाट्याला प्रकाशाचे फार थोडे कण येतात. एका चित्रात मग दाणेदार गोंधळच उमटतो. म्हणून यंत्र पाठोपाठ अनेक चित्रे टिपते, हाताची थरथर लक्षात घेऊन ती एकमेकांवर जुळवते, त्यांची सरासरी काढते, सावल्या वर उचलते, उरलेला दाणा पुसते आणि पुसताना थोडे तपशीलही पुसते. गुगलने २०१८ साली आपल्या फोनमध्ये 'नाइट साइट' ही सोय आणली आणि अॅपलने २०१९ साली 'नाइट मोड' आणला, तेव्हापासून ही गोष्ट सर्वसामान्य झाली. २०२३ साली तर एकाने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवून सॅमसंगच्या फोनने टिपले, आणि पडद्यावर नसलेले बारकावे फोनने चंद्रावर आणून दाखवले. ज्या चंद्राने मराठी कवींना शतकानुशतके पोसले तो असा परस्पर दुरुस्त होऊन येऊ लागल्यावर 'संपादन करू नका, मूळ राखा' हा उपदेश पोकळ ठरतो. मूळ म्हणून जे हाती येते तेच कुणीतरी संपादित केलेले आहे. प्रश्न संपादन करावे की नाही असा उरतच नाही. कुणाच्या डोळ्याने करावे, एवढाच उरतो.

आणखी एक विशेष. ज्या अभियंत्यांनी 'नाइट साइट' घडवले त्यांना रात्रीचा दिवस होण्याचा धोका दिसत होता. रात्रीचे चित्र दिवसासारखे दिसू नये म्हणून चित्रकारांनी काय केले याचा त्यांनी विचार केला होता, आणि त्यासाठी मेणबत्तीच्या उजेडातील प्रसंग रंगवणारा अठराव्या शतकातील इंग्रज चित्रकार जोसेफ राइट याच्याकडे बोट दाखवले होते. विरोध वाढवायचा, कडेच्या सावल्या काळ्याच राहू द्यायच्या, मधला उजेड अंधाराने वेढायचा. म्हणजे यंत्र घडवणाऱ्यालाही अखेर चित्रशाळेत जावे लागले. आपल्याकडे यंत्र वापरणारा मात्र थेट 'प्रीसेट' विकत घेतो.

प्रीसेट म्हणजे रंगांच्या मोजमापांची तयार पुडी. एक बोट लावले की सगळे चित्र त्या छटेत बुडते. या पुडीत काय काय भरलेले असते हे जरा निवांत पाहण्यासारखे आहे, कारण तिच्यातल्या प्रत्येक घटकाला एकेकाळी कारण होते. रात्र निळी का? यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८१९ साली एक गोष्ट टिपली: पहाटेच्या अंधुक उजेडात लाल फुले काळपट दिसतात आणि हिरवी-निळी पाने तुलनेने उजळ. मंद प्रकाशात डोळ्यातील वेगळ्या पेशी काम करू लागतात आणि त्यांची संवेदना निळ्या-हिरव्याकडे झुकलेली असते, हे त्यामागचे कारण. निळ्या रात्रीला म्हणून शरीराचा आधार आहे. दुसरा आधार गरिबीचा, म्हणजे फिल्मच्या गरिबीचा. रात्री चित्रीकरण करण्याइतकी फिल्म संवेदनशील नव्हती आणि दिवे परवडत नव्हते, तेव्हा भर दुपारी कमी प्रकाश घेऊन, निळी काच लावून रात्र बनवली जाई. फ्रेंच लोक या युक्तीला अमेरिकन रात्र म्हणत. त्रुफोच्या १९७३ सालच्या चित्रपटाचे नावच ते आहे. यंत्राने उजळून दिलेल्या चित्रावर निळा लेप चढवणारा मुदखेडचा मुलगा नकळत तीच अमेरिकन रात्र बनवत असतो. फरक इतकाच की हॉलिवुडला रात्र मिळत नव्हती आणि याच्यासमोर ती आयती उभी होती.

दिव्याभोवतीच्या तांबूस वलयाची कथा तर अधिक मजेशीर आहे. चित्रपटाच्या फिल्मला पाठीमागे एक काळा थर असतो. प्रखर प्रकाश फिल्ममधून आरपार जाऊन मागून परतू नये, हे त्याचे एक काम. सिनेस्टिल नावाच्या कंपनीने चित्रपटाची फिल्म साध्या कॅमेऱ्यासाठी विकताना तो थर काढून टाकला, कारण तो ठेवला तर साध्या प्रयोगशाळेत फिल्म धुता येत नाही. थर गेला, प्रकाश मागून परतू लागला, लाल रंग टिपणाऱ्या थराला पुन्हा लागला आणि दिव्यांभोवती लाल वलये उमटली. चित्रपटात जे दिसू नये म्हणून थर लावला होता, ते थर काढल्यावर दिसू लागले आणि तेच चित्रपटाची खूण म्हणून मोबाइलमध्ये कृत्रिमपणे रंगवले जाऊ लागले! साहित्याच्या इतिहासातही असे घडते. एका कवीचा नाइलाज पुढच्या पिढीची शैली होतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, फक्त आपण नाइलाज उचलतो आहोत की शैली, हे माहीत असावे.

राहिला निळसर-हिरवा आणि नारिंगी यांचा जोड. माणसाच्या त्वचेचे रंग, गोऱ्यापासून काळ्यापर्यंत, बहुतांशी नारिंगीच्या पट्ट्यात येतात. त्याच्या विरुद्ध रंगाची पार्श्वभूमी दिली की चेहरा उठून दिसतो. कोएन बंधूंच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या चित्रपटात रॉजर डीकिन्स याने २०००च्या सुमारास संपूर्ण चित्रपटाचे रंग संगणकावर बदलले, आणि त्यानंतर ही सोय सगळ्यांच्या हाती आली. डीकिन्सने मिसिसिपीची हिरवीगार झाडे पिवळी-करडी केली. म्हणजे त्यानेही स्थळाचा रंग बदलला! मग मुदखेडच्या मुलाला दोष का द्यावा? कारण डीकिन्सपाशी एक कथा होती: १९३०च्या दशकातली मंदी, धूळ, जुन्या पोस्टकार्डासारखा काळ. त्या कथेने तो रंग मागितला होता. प्रीसेटला कथा नसते. तो कुणाचाही फलाट, कुणाचीही पाठ, कुणाचाही पाऊस सारख्याच उत्कटतेने निळा करतो.

मर्ढेकर पुन्हा आठवतात ते इथे. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयतत्त्वे मांडली. शुद्ध संवेदनांच्या संघटनेत सौंदर्य पाहणाऱ्या त्या भूमिकेतून निळा-नारिंगी हा विरोधलयीचा नेटका नमुना ठरेल, आणि चित्र मुदखेडचे आहे की मद्रासचे हा प्रश्न गैरलागू ठरेल. प्रीसेटच्या समर्थकांना मराठी सौंदर्यशास्त्रात याहून चांगला वकील मिळणार नाही. पण छायाचित्र ही केवळ रंगसंवेदनांची कला आहे का? मला ते चित्रकला आणि भाषा यांच्या मधले वाटते. त्यातील प्रत्येक वस्तूला नाव असते, प्रत्येक दिव्याला मालक असतो. टपरीतला दिवा हा पिवळ्या रंगाचा ठिपका आहे हे खरे. पण रात्री उशिरापर्यंत कुणीतरी चहा उकळत उभा आहे हेही त्या ठिपक्यातच आहे. रंग बदलला की ही बातमी बदलते. केवळ संवेदनांच्या हिशेबात हा फरक मांडता येत नाही.

दुसऱ्या बाजूने भरतमुनींकडे गेलो तरी तेच हाती लागते. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला रंग दिलेला आहे: शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण कबुतराच्या रंगाचा, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा, अद्भुत पिवळा. वरवर पाहता हीच जगातील पहिली प्रीसेटांची यादी वाटेल. (आणि या यादीनुसार आपले निळेशार 'सिनेमॅटिक' फलाट बीभत्स रसात जातात, ही गोष्ट एखाद्या परीक्षेत विचारण्यासारखी आहे.) पण रंग लावला की रस निर्माण झाला, असे भरताने कुठेही म्हटलेले नाही. रसाची निष्पत्ती विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून; रंग आणि देवता हे त्या व्यवस्थेतले संकेत. नाट्यशास्त्रावर नांदेडातच बसून लिहिणारे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) होऊन गेले, तेव्हा या भागातल्या विद्यार्थ्यांना हे नव्याने सांगण्याची गरज नसावी. विभावाशिवाय नुसता रंग म्हणजे पात्र नसलेल्या रंगमंचावर सोडलेला निळा प्रकाश. नवशिक्या कवितेत 'गूढ', 'गहन', 'धूसर' ही विशेषणे जे करतात तेच प्रीसेट छायाचित्रात करतो. वाचकाला भावना आधी सांगून टाकतो आणि ती कशामुळे निर्माण झाली ते दाखवायचे टाळतो.

रेल्वेचे स्थानक या चर्चेला सोयीचे आहे, कारण तिथे काही रंग अर्थाशी घट्ट बांधलेले असतात. सिग्नलचा लाल, पिवळा आणि हिरवा ही शोभा नव्हे, भाषा आहे. प्रचलित संपादनात हिरवा निळसर होतो, पिवळा आणि लाल दोघेही नारिंगीकडे सरकतात. अशा चित्रावर भरवसा ठेवून इंजिनचालकाने गाडी हाकली तर पुढच्या स्थानकात काय होईल ते सांगायला नको. विनोद सोडला तरी मुद्दा राहतो: चित्रातले जे रंग काही सांगत होते, त्यांना आपण मुके केले.

मात्र हे सगळे एका विद्यार्थ्यासमोर बोलून दाखवले तेव्हा त्याने दिलेले उत्तर मला अजून पुरते परतवता आलेले नाही. तो म्हणाला, "सर, आमच्या गावात आहे काय पाहण्यासारखं? असं केलं की निदान कुणी थांबून पाहतं तरी." या वाक्यात जी भूक आहे ती खोटी नाही. मराठवाड्यातील गाव पडद्यावर किंवा छापील पानावर आले ते बहुधा दुष्काळाच्या बातमीबरोबर, भेगाळलेल्या जमिनीच्या चित्रासह. आपलेही गाव एखाद्या कथेचे स्थळ असावे, आपल्याही फलाटावर काहीतरी घडण्याची शक्यता असावी, ही इच्छा त्या निळ्या रंगामागे आहे. 'सैराट' (२०१६) नंतर करमाळ्याच्या बाजूची चित्रीकरणस्थळे पाहायला लोक जाऊ लागले, तेव्हा त्या विहिरीकडे नि झाडांकडे पूर्वी कुणी वळूनही पाहत नव्हते. त्या जागा बदलल्या नव्हत्या. त्यांना आर्ची आणि परशा मिळाले होते. विद्यार्थ्याची मागणी योग्य आहे, पण ती तो रंगाकडे करतो आहे, आणि ती पुरवणे रंगाच्या हातात नाही.

या भुकेची एक बाजू मात्र मला अस्वस्थ करते. रात्रीचा चेहरा 'खुलवण्यासाठी' शिकवण्यांत हमखास सांगितली जाणारी कृती अशी: नारिंगीची उजळता वाढवा, तीव्रता थोडी कमी करा. त्वचा नारिंगीच्या पट्ट्यात असल्याने याचा परिणाम एकच, माणूस गोरा होतो. उन्हात राबलेल्या चेहऱ्यांचा रंग असा बोटाच्या एका सरकवणीने उतरवला जातो आणि त्याला कुणी रंगभेद म्हणत नाही, कारण यादीत त्याचे नाव 'स्किन टोन' असे असते. आपल्या दलित आणि ग्रामीण साहित्याने काळ्या देहाला त्याच्या रंगासकट पानावर आणण्यासाठी काय मोल दिले, हे शिकवणाऱ्या वर्गातलीच मुले मधल्या सुट्टीत हे करत असतात.

आणि अंधाराचे काय? मुदखेड परिसरात ज्यांचे वय आज चाळिशीच्या पुढे आहे त्यांना अंधार हा 'मूड' म्हणून माहीत नाही. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन बारा-बारा तासांचे होते. कंदील, चिमणी आणि मेणबत्तीच्या उजेडात अभ्यास केलेली ती पिढी. शेतीच्या वाहिनीवर वीज आळीपाळीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, अशी मिळत आली. त्यामुळे रात्री-बेरात्री बॅटरी घेऊन पाणी द्यायला जायचे, साप-विंचवाच्या भीतीत दारे धरायची, हा शेतकऱ्याचा नेम. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू झाला, यात रात्रीच्या त्या पाण्याची सरकारी कबुलीच आहे. 'रात्रीचा दिवस करणे' या वाक्प्रचाराचा मूळ अर्थ इथे जिवंत आहे. अशा शेतातला एकाकी उजेड दुरून टिपला, त्यावर निळा लेप चढवला, बॅटरीभोवती वलय रंगवले की चित्र देखणे होते यात वाद नाही. पण तो उजेड कुणाचा, तो इतक्या रात्री तिथे का, हे त्या देखणेपणात विरघळते. कष्टाचे चित्र सुंदर नसावे, असे मी म्हणत नाही. ते कष्टाचे आहे हे कळण्याइतके अंधाराचे वजन त्यात उरावे.

चित्रपटाने रात्र कशी कमावली ते पाहायचे तर दोन उदाहरणे पुरे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' (२०२०) मध्ये शरद नेरुळकर हा गायक रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकलने जातो; गती मंदावलेली, कानात माईंच्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण. छायालेखक मिखाव सोबोचिन्स्की यांनी या रात्री नटवलेल्या नाहीत. त्या रात्रींना अर्थ येतो तो सुमित्रा भावे यांच्या आवाजामुळे, आणि तो आवाज सांगतो त्या उंचीवर आपण पोहोचणार नाही हे शरदला हळूहळू कळत जाते त्यामुळे. दुसरे उदाहरण राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाचे. कोकणातल्या त्या वाड्यात पंकज कुमार यांचा कॅमेरा जिथे उतरतो तिथे उजेड हातातल्या कंदिलाबरोबर येतो आणि कंदिलाबरोबरच निघून जातो. भीती कशाची, तर कंदिलाचा उजेड जिथे संपतो त्या काठाची. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाला विचारले तर तो सांगू शकेल की हा उजेड कुठून आला. 'सिनेमॅटिक' या शब्दाला काही अर्थ असेल तर तो मला इथे सापडतो. रंग कोणताही असो, उजेडाला पत्ता हवा.

हे मान्य केले तर संपादनाची रीत आपोआप बदलते, आणि ती फार अवघडही नाही. शक्य तिथे फोनला कच्च्या स्वरूपातले, म्हणजे 'रॉ', चित्र ठेवायला सांगावे. यंत्राने आपल्या वतीने घेतलेले काही निर्णय त्यात मागे घेता येतात. यंत्राने वर उचललेल्या सावल्या आधी खाली आणाव्यात. फलाटापलीकडची शेते डोळ्याला दिसत नव्हती तर चित्रातही दिसू नयेत. काळ्याला काळे राहू द्यावे, निळे करू नये. रंगाचे तापमान ठरवताना चित्रात कोणकोणते दिवे आहेत ते मोजावे आणि त्यांच्यातला फरक जपावा: एलईडी पांढराच आणि काहीसा क्रूर, टपरीतला पिवळा पिवळाच. मुदखेडच्या फलकाचा पिवळा रंग हा तर आयता मापदंड आहे. तो बिघडला की समजावे आपण हद्द ओलांडली. दाणा थोडा राहिला तर बिघडत नाही. रात्री डोळ्यालाही सगळे स्वच्छ कुठे दिसते?

दिव्यांचा फरक जपण्याला आणखी एक कारण आहे. सोडियमच्या दिव्यांचा तो नारिंगी-पिवळा उजेड, ज्याखाली आपल्या गावांचे रस्ते कित्येक वर्षे उभे होते, तो झपाट्याने नाहीसा होत आहे. २०१५ सालापासून देशभर रस्त्यांवर एलईडी दिवे बसवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि पांढरा उजेड गावोगाव पोहोचला. म्हणजे रस्त्यांवरचा खरा नारिंगी उजेड जात असताना आपण पांढऱ्या दिव्यांना खोटा नारिंगी रंग देत आहोत. पन्नास वर्षांनी कुणी या काळातील मराठवाड्याची रात्र अभ्यासू लागला तर त्याला वाटेल, इथे सगळीकडे सोडियमच होते. कादंबरीतल्या एखाद्या तपशिलावरून आपण जसा काळ ओळखतो, तसा दिव्याच्या रंगावरून ओळखता येतो. तो पुरावा आपल्याच हाताने बिघडवण्यात काय मिळते?

शेवटी फुलांबद्दल. मुदखेड तालुका फुलशेतीसाठी प्रसिद्ध आहे. गुलाब, मोगरा, झेंडू, गलांडा. बाजार गाठायचा तर तोडणी उजाडण्याआधी सुरू करावी लागते, आणि मोगऱ्याच्या कळ्या तर उमलण्यापूर्वीच खुडाव्या लागतात. तेव्हा बायामाणसे डोक्याला बॅटऱ्या बांधून ओळींतून सरकत असतात. पुर्किन्येने जे टिपले ते इथे रोज पहाटे घडते. बॅटरीचा झोत पडला तेवढ्या वर्तुळात गुलाब लाल असतो. वर्तुळाबाहेर तोच गुलाब काळा, आणि त्याची पाने फिकट उजळ. मोबाइल हे दृश्य टिपतो तेव्हा सगळेच गुलाब लाल करून देतो. प्रीसेट लावला तर सगळेच गुलाब नारिंगी होतात. या चित्राचे संपादन करायचे तर सुरुवात लाल रंगापासून करावी लागेल: झोताबाहेरचा लाल हळूहळू खाली आणायचा, काळा होईपर्यंत, आणि झोताच्या आतला तसाच राहू द्यायचा, खुडणाऱ्या बोटांसकट.